एअरशिपच्या पोस्टरला टोरीचं तेल

कापसाचा बोळा निळा झाला आणि माझा हात जागीच थांबला.

निळा व्हायला नको होता. तेल निघतंय म्हटल्यावर पिवळट व्हायला हवा होता. टेबलावरच्या पोस्टरमधला आकाशाचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत फिका पडला होता. समोर शंकरभाऊ दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

मी कागद दुरुस्त करते. जुने नकाशे, पत्रं, पोस्टरं. आधी एका संग्रहालयात नोकरी केली, आता चंद्रपुरात घरीच टेबल मांडलंय. शंकरभाऊ गोंडपिपरीचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना एअरशिपच्या पोस्टरांचं वेड. विमानप्रवास रुळण्याआधी गॅस भरलेल्या अवाढव्य लांबट फुग्याखालच्या केबिनमध्ये बसून श्रीमंत लोक समुद्रापार जायचे, ती एअरशिप. त्या प्रवासाच्या जाहिराती म्हणजे ही पोस्टरं. धानाच्या बांधावर उभं राहून भाऊ तुम्हाला एअरशिपच्या जेवणघरातल्या खुर्च्यांबद्दल सांगतील. कोणी ऐको न ऐको, ते सांगतातच.

पण हे पोस्टर त्यांचं नव्हतं. नागपूरच्या एका डॉक्टरांचं होतं. संग्राहकांत एक रीत असते. ते एकमेकांना वस्तू पाहायला देतात, शब्दावर, चिठ्ठीचपाटीशिवाय. शब्द मोडला की पुन्हा कोणी दार उघडत नाही. भाऊंना ते तीन दिवसांत परत द्यायचं होतं.

"तेल कशाला लावलंत, भाऊ?"

"पोस्टरले नाई लावलं बाई, फ्रेममागच्या फळीले लावलं. घरात उधई लागली होती. आमी चौकटीले टोरीचंच तेल लावतो. मले काय मालूम, कागद ते पिऊन टाकते?"

टोरी म्हणजे मोहाची बी. वाळवी लागू नये म्हणून तिचं तेल लाकडाला लावायची इकडची जुनी पद्धत. फळीतलं तेल कागदानं मुकाट्यानं ओढून घेतलं होतं आणि वरच्या आकाशात तळहाताएवढा तेलकट डाग उमटला होता.

असं तेल काढायला सॉल्व्हंट लागतं, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव्य. पण ते छापलेला रंगही विरघळवू शकतं. म्हणून आधी टेस्ट करायची. प्रत्येक रंगावर, अगदी कडेला, एक थेंब. मी केली होती. एकही रंग हलला नव्हता, निळासुद्धा. आणि आता बोळा निळा.

"रंग सुटतोय, भाऊ."

ते दचकून उठले. "मंग रंगवून द्या ना बाई! तुमचा हात साफ आहे. डॉक्टरले काय समजते?"

"मी दुरुस्ती करते. फसवाफसवी नाही."

ठसक्यात बोलले खरी, पण चूक माझीही होती. कंडिशन रिपोर्ट हा आमच्या कामाचा पहिला धडा. काम सुरू करण्याआधी वस्तू कुठे फाटलीय, कुठे डाग आहे, हे लिहायचं आणि फोटो काढायचे. भाऊंचे डोळे भरून आले होते, म्हणून मी घाईनं थेट कामालाच लागले. एकही फोटो नाही. डॉक्टर म्हणाले असते, आकाश तुम्हीच पुसलंत, तर दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा रंगाचा ब्रश कोणत्या खणात आहे हे मला बरोबर आठवत होतं.

खण उघडला, पण लूप काढला. लूप म्हणजे सोनार डोळ्याला लावतो तसलं भिंग. ही जुनी पोस्टरं दगडी ठशावरून छापलेली असतात; तसा छापलेला रंग त्यातून दाण्यादाण्यांचा दिसतो. कडेचा निळा तसाच होता. डागाजवळचा निळा मात्र मेणचट, घासून फासलेला. आणि जिथला रंग निघाला होता, तिथे एक जुना तपकिरी डाग.

"भाऊ, हे आधीच कुणीतरी रंगवलंय."

"म्हंजे मी वाचलो!"

"तेल तुमचंच आहे."

ते पुन्हा बसले. मग फोन काढला, स्पीकर लावला.

"डॉक्टरसाहेब, मी शंकर बोलून राह्यलो. तुमच्या पोस्टरले माह्या हातून तेल लागलं. बाई साफ करून राह्यल्या, पण डाग राहीन."

निळ्याबद्दल चकार शब्द नाही. ते सांगितलं असतं, तर त्यांचा दोष हलका झाला असता. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

मग डॉक्टरांनी विचारलं, "कुठे लागलं?"

"वरते, आकाशात."

"तिथला निळा निघाला का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "निघाला."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "चहा माझ्याच हातून सांडला होता. मुलीच्या तेलखडूनं मीच लपवला. तेव्हापासून कुणी ते पोस्टर जवळून बघायला लागलं की माझा जीव वरखाली व्हायचा. तुम्हाला दिलं तेव्हाही. आता राहू द्या तसंच."

भाऊंनी फोन खाली ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. मीही बोळा ठेवून खिडकीशी गेले.

तेल निघालं, चहाचा डाग राहिला. ठरल्या दिवशी भाऊ पोस्टर देऊन आले आणि येताना डॉक्टरांचं दुसरं एक घेऊन आले, शब्दावरच. ते फळीला न टेकवता ट्रंकेत ठेवलंय म्हणाले.

माझ्यापुरतं म्हणाल, तर आता कुणी रडत आलं की मी बसवते, पाणी देते. पण फोटो आधी काढते.