ज्या पोटावरून टोमणे खाल्ले, ते आज आतून पाहिलं

मंडळी, वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी आज नारायणगावात माझी एंडोस्कोपी झाली. घशातून कॅमेऱ्याची नळी पोटात सोडली. मला एकच उत्सुकता, हे पोट आतून दिसतं तरी कसं?

डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवला. सोबत आलेल्या जाऊबाई वाकून म्हणाल्या, "अगं, लई गुलाबी हाय की!"

त्या गुलाबीत एक पांढरट जखम होती. अल्सर! मला तर कधी दुखलंच नव्हतं.

"गोळ्या कसल्या घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघेदुखीच्या. रोज सकाळी, टोमॅटो तोडायला जाताना, उपाशीपोटी."

"त्या गोळ्यांनीच ही जखम केलीय. आधी ती भरू द्या. ऑपरेशन मग बघू."

'कमी खा' म्हणून आजवर सगळ्यांनी सांगितलं. गोळ्या कसल्या खातेस, हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

तुमच्या घरात कुणी विचारतं का हो?