टाचणीबाईंचा पडदा

माझी धाकटी नणंद मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. अंगाने काटकुळी, बोलायला टोकदार. मुली तिला पाठीमागे टाचणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिच्या वर्गात टाका चुकला की गुपचूप उसवायला बंदी होती. कापड डोक्यावर धरून "चुकलं!" असं ओरडायचं, सगळ्यांना दाखवायचं, मग खुशाल उसवायचं. शेजारच्या वर्गात गणित चालत नाही, अशी मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रार केली.

"मग त्यांनाही ओरडू द्या की," नणंद म्हणाली.

सातवीतली एक मुलगी आदल्या वर्षी स्नेहसंमेलनात स्वागताचं भाषण विसरून नुसती उभी राहिली होती. तेव्हापासून ती वर्गात धडासुद्धा मोठ्याने वाचेना. यंदा स्वागताला नणंदेने पुन्हा तिचंच नाव घातलं. आई तणतणत आली.

"बाई, पोरगी जेवत नाहीये. नाव काढा."

"काढते. पण तिला येऊन सांगू दे."

मुलगी आली. "बाई, मी परत विसरेन."

"विसर."

"सगळे हसतील."

"हसतील. मग?"

"नको वाटलं तर पडदा उघडेपर्यंत कधीही सांग, नाव काढीन," असं म्हणून नणंदेने तिला घरी धाडलं.

संमेलनाला मी त्या आईशेजारीच बसले होते. बिचारी रुमाल पिळत होती. घंटा झाली, नणंदेने दोरी ओढली. पडदा मधोमध फुगला, पण उघडेना. नवा पडदा तिनेच शिवला होता. दोन्ही भागांची खालची किनार एका रेषेत यावी म्हणून तिने ते कच्च्या टाक्यांनी एकमेकांना जोडले होते. शिवून झालं, इस्त्री झाली, टाके मात्र तसेच राहिले! हे तिने मुद्दाम केलं का, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

"शिवणाच्या बाई!" पहिल्या रांगेतून मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या.

पडद्याआडून खणखणीत आवाज आला, "चुकलं!"

सभागृहात हशा उसळला. तेवढ्यात पडद्याखालून कुणीतरी रांगत बाहेर आलं. तीच मुलगी, गुडघे धुळीने माखलेले.

"बाई टाके उसवताहेत. तोवर मी स्वागत करते."

सुरुवात झकास झाली आणि मध्येच गाडी अडली. आईने माझा हात घट्ट धरला. मुलगी पडद्याकडे वळली.

"बाई, अजून किती राहिलं?"

"निम्मं!"

"माझंही निम्मंच राहिलंय, पण आठवत नाहीये!"

लोक हसले. तीही हसली, अगदी पोट धरून, आणि मग जिथलं आठवलं तिथून तिने पुढे धडाक्यात बोलायला सुरुवात केली. त्यात प्रमुख पाहुण्यांचं स्वागत दोनदा झालं आणि मुख्याध्यापिकाबाईंचं राहूनच गेलं.