इसामालमध्ये विचारलेला प्रश्न

मेरिदाहून निघालेली छोटी बस दीड तासाने इसामालला पोहोचली, तेव्हा आधी रंगच दिसला. घरं, दुकानं, चर्च, सगळं गाव अंड्याच्या बलकासारखं पिवळं. ऑफिसच्या कामासाठी मी सिंगापूरहून मेक्सिकोत आलो होतो. एक रविवार मोकळा मिळाला, तो या गावासाठी ठेवला.

गाइड लुसिया चाळिशीची. अंगात भरतकाम केलेला पांढरा उइपील (इथल्या बायकांचा सैल झगा). "आमच्याकडे नदी नाही," ती म्हणाली. "सगळा चुनखडीचा दगड. पाऊस खाली झिरपतो आणि सेनोतेत (जमीन खचून झालेल्या विहिरीत) साठतो."

मग तिने मठ दाखवला. स्पॅनिश पाद्र्यांनी माया लोकांचं मंदिर पाडलं आणि त्याच चौथऱ्यावर, त्याच दगडांनी मठ बांधला. भिंतीतल्या एका दगडावर जुनी नक्षी अजून दिसते. तिच्यावर हात फिरवत मी विचारलं, "मग हे माया लोक नाहीसे कसे झाले?"

लुसिया थांबली. "आज सकाळी मी आईशी माया भाषेतच भांडून आलेय. जेवायला चला, तिलाच विचारा."

माझे कान तापले. ऑफिसात कोणी 'मराठी म्हणजे हिंदीच ना?' म्हटलं की मी दिवसभर धुमसतो. इथे तर मी समोर उभ्या बाईला जगातूनच पुसून टाकलं होतं.

घरी पापाद्सुल होतं (उकडलेली अंडी भरलेल्या मक्याच्या पोळ्या, वर भोपळ्याच्या बियांची दाट चटणी). लुसियाने माझा प्रश्न आईला सांगितला. म्हातारीने पदराला नव्हे, झग्यालाच हात पुसले, माझा हात धरला आणि स्वतःच्या मनगटावर ठेवला.

"आई म्हणतेय, नीट बघ बाळा, गरम आहे ना?" लुसियाने तिचं बोलणं मला समजावलं.

घरातले सगळे हसले. मला मान वर करवेना. तिने मात्र आणखी दोन पोळ्या वाढल्या.

सिंगापुरात, चोआ चू कांगच्या घरी परतल्यावर मित्रांना फोटो दाखवले, जेवणाचं कौतुक केलं. तो प्रश्न मात्र गिळून टाकला. शेवटी लेकीनेच फोनवरचा एक फोटो पाहून विचारलं, "या आजी कोण?" तिला सगळं सांगितलं.

"बाबा! सो एम्बॅरसिंग लाह!" ती अस्सल सिंगापुरी सुरात ओरडली.

"हो गं."

ती फोटो न्याहाळत राहिली. "त्यांचं नाव काय?"

त्यांच्या घरी पोटभर जेवलो होतो. नाव विचारलंच नव्हतं.