सिग्नलवर जोडलेले हात

मंडळी, आम्ही तिघंही सुखरूप घरी पोचलो!

दुपारी गाझियाबादला सिग्नलवर एका गाडीने आम्हाला मागून ठोकलं. वर तोच माणूस रॉड घेऊन शिव्या देत आला. आमचे हे फौजेत. वाटलं, आता हाणामारी होणार. ह्यांनी उतरून सरळ हात जोडले, "भाईसाहब, गलती मेरी है." तो बडबडत निघून गेला.

मागच्या सीटवर लेक, शाळेच्या कार्यक्रमातला मावळ्याचा वेश आणि पुठ्ठ्याची तलवार अजून तशीच.

"बाबा, तुम्ही घाबरलात?"

"हो. गाडीत तू होतीस ना."

पूर्वीचे वीर तलवार उपसायचे, हे मीच तिला शिकवलंय. आज तिच्या बाबांनी हात जोडून आम्हाला घरी आणलं, हे आता कसं समजावू?