मन्मथचा डावा गुडघा

मन्मथ गेल्याचा फोन सुनीताचा, त्याच्या बायकोचा आला. मी नांदेडात माझं कटलरीचं दुकान नुकतंच उघडत होते. धाकटा भाऊ गेला म्हटल्यावर आधी रडू यायला हवं. माझ्या मात्र आधी मनात आलं, की आता हाणामारी होणार. अर्धं वर केलेलं शटर तसंच खाली ओढलं आणि तो राहायचा त्या लातूरची गाडी धरली. वाटभर अण्णाला, आमच्या थोरल्याला, फोन लावत राहिले. त्यानं एकदाही उचलला नाही.

आमचं घर चाकूरचं, लिंगायतांचं. भुसार मालाचं दुकान, आणि दुकानापेक्षा घरातला राग जास्त प्रसिद्ध. अण्णा हात उचलायचा, मन्मथ त्याच्या वरताण. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तर हा वजनाचं माप भिरकावणार. प्यायला की सुनीतालाही मारायचा. हे लिहू नको, असं घरचे म्हणतात. का नको? मेला म्हणून माणूस गरीब गाय होत नाही.

मग त्याची मुलगी तापानं गेली. सहा वर्षांची. आम्ही आमच्या रीतीनं तिला मांडी घालून बसवून पुरलं, समाधी दिली. स्वामी म्हणाले, लिंगैक्य झाली, शिवात मिळाली. मन्मथ त्यांच्या अंगावर धावून गेला. "मिळाली म्हंजे? मला ती पायजे! तिच्या नावासकट, तिच्या पडलेल्या दातासकट!" सुनीता तेव्हा लातूरला ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेला जाऊ लागली होती. तिला फरफटत आणायला हा काठी घेऊन गेला, तिथली वाजवायची पेटी फोडली, पास्टरच्या तोंडात मारली. पास्टर ओठाचं रक्त पुसत म्हणाला, "तुमची लेक परत भेटंल तुमाला." एवढंच... आणि मन्मथ तिथंच भिंतीला टेकून बसला. त्या संध्याकाळी फोनवर तो मला ओरडून सांगत होता, "आक्का, येशू परत येनार हाय. हाक मारनार हाय. मेलेले उठनार हायत, अंगासकट!" मी म्हटलं, पिऊन बोलतोस का? तो प्यायला नव्हता. त्यानंतर कधी प्यायलाही नाही.

बाप्तिस्मा घेऊन तो चाकूरला आला, त्या दिवशी अण्णानं दुकानाच्या पायरीवर त्याला पहारीनं मारलं. डाव्या गुडघ्यावर, आणि पुन्हा तिथंच. मी तिथं होते. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मन्मथनं, ज्याचा हात आजवर कधी मागे राहिला नव्हता, तो उगारलाच नाही. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. हाड जुळलं, पण गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. लातूरला बिऱ्हाड केल्यावर तो पाय लांब करूनच जेवायचा, प्रार्थनेला उभाच राहायचा. मी चिडून म्हणायचे, त्या स्वर्गापायी पाय घालवलास. तो म्हणायचा, "आक्का, मला मांडी घालून बसवू नका. आडवं ठिवा. हाक आली की उठून लेकीकडं जातो." तारण, सार्वकालिक जीवन वगैरे शब्द पास्टरचे. मन्मथचं सगळं एवढ्यावरच होतं, की उठायचं आणि पोरीला भेटायचं.

मी पोहोचले तेव्हा त्याच्या दारात रणकंदन चाललं होतं. शवपेटी अंगणात पालथी पडलेली, पास्टरचा शर्ट फाटलेला, मंडळीतल्या एकाच्या कपाळातून रक्त गळत होतं. अण्णानं चाकूरहून जीपभर माणसं आणली होती. "आमच्या घरचा मानूस बसूनच जाईल!" तो गरजत होता. मी मध्ये पडले तर कुणीतरी मला ढकललं, माझं डोकं चौकटीवर आपटलं. अण्णाच्या माणसांनी मन्मथला खाटेवरून ओढलं आणि भिंतीशी बसवलं. उजवा पाय जोर लावून दुमडला. डावा दुमडेना. दोघांनी अंगाचा भार टाकला, तरी नाही. मग त्यातला एक म्हणाला, "मोडावा लागंल."

सगळे थांबले. सुनीता गर्दीतून पुढं आली. ती रडत नव्हती. "मोडा ना, अण्णा," ती म्हणाली. "तुमालाच ठाव हाय कुटं मारायचं."

अण्णानं त्या 'मोडावा' म्हणणाऱ्याच्याच कानाखाली अशी वाजवली, की तो शवपेटीवर जाऊन आदळला. मग अण्णा स्वतःच्याच तोंडात मारत सुटला... चौघांनी धरला तरी आवरेना. मन्मथला आडवंच पुरलं. माती लोटायला अण्णाही होता.

परवा अण्णा नांदेडला आला. गिऱ्हाईक समोर असतानाच म्हणाला, "नंदे, खरंच उठंल का गं त्यो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही मन्मथच्या देवाला मानत नाही, पण हे विचारायचा हक्क अण्णाला कुणी दिला? "उठला तर पहिला तुझ्याकडंच यील," मी म्हटलं, "पहार घिऊन."

अण्णाचं तोंड वाकडं झालं, लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं.

"हानू दे की," तो म्हणाला. "माझे दोनी पाय मोडू दे. पन यिऊ दे."