सिस्टमला चवथ माहीत नव्हती

आमच्या फॅक्टरीतले किस्से कोणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत चार डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "सुषमाताई, तो सौरभच्या खुर्चीचा किस्सा सांग गो!" मी सांगायला लागले की ऐकणाऱ्याला दुसरा आठवतो, आणि भोंगा होईपर्यंत कोणी उठत नाही. आता सगळे हसतात. पण हे घडत होतं तेव्हा आमच्यातल्या एकालाही हसू फुटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. 

डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आम्ही पाकिटं करतो. काजूचं, चिप्सचं, कोकमाच्या सोलांचं जे चकचकीत पाकीट तुम्ही फाडून फेकून देता, ते आमचं. आधी प्लास्टिकची फिल्म छापायची, मग तिच्या पाठीला दुसरी फिल्म गोंदाने चिकटवायची, मग कापून रोल करायचे. आज कुठल्या मशीनवर काय चढणार, हे बारा वर्षं मी एका लांबलचक रजिस्टरात लिहीत आले. माझ्या नवऱ्याचा खाणीवर ट्रक चालायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि तेव्हापासून मुळगावचं आमचं घर माझ्या पगारावर आहे.

अशात एका सकाळी मालक विनायकबाब येऊन सांगून गेले, "सुषमा, आता रजिस्टर बंद. सॉफ्टवेअर येतंय. प्लॅन तेच लावणार."

म्हणजे माझं कामच ते करणार! त्या दिवशी डबा मी तसाच घरी नेला.

*

सॉफ्टवेअर शिकवायला पुण्याहून सौरभ आला. तिशीतला, गोरटेला, बोलायला गोड. कॅन्टीनच्या भिंतीवर त्याने स्लाइड लावल्या आणि दोन तास ऑर्डर कशी येते, रोल कसा फिरतो, सगळं छान सांगितलं. शेवटाकडे एक स्लाइड आली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'आता माणसांवर अवलंबून राहणं संपलं!'

त्याने ते इतक्या आनंदाने वाचून दाखवलं, की वाटलं आता टाळ्या मागतो.  अठरा माणसं खाली मान घालून बसलेली.

मग साखळी गावचा दत्ता गावस उभा राहिला. दत्ता म्हणजे आमचा स्टोअरकीपर, वीस वर्षांचा जुना. कधी जोरात बोलणार नाही. तो हात जोडून म्हणाला, "सर, एक विचारूं? मग माणसांनी खंय वचपाचें, तें फुडल्या पानार आसा?"

माणसांनी कुठे जायचं, हा प्रश्न सौरभला अर्धाच कळला. गडबडून त्याने बटण दाबलं.

पुढच्या पानावर फक्त 'धन्यवाद' होतं!

*

याच दत्ताचा हा पुढचा.

नव्या पद्धतीत प्रत्येक रोलला स्टिकर लागलं. रोल जिथे जाईल तिथे ते स्टिकर स्कॅन करायचं, म्हणजे कुठला रोल कुठे आहे हे स्क्रीनवर दिसतं. तिसऱ्या आठवड्यात सोलांच्या पाकिटाचा एक छापलेला रोल दिसेनासा झाला. स्क्रीन म्हणतेय, रोल स्टोअरमध्ये. स्टोअरमध्ये रोल नाही!

दत्ताने रॅक ओढले, फळ्या उचलल्या, गेटवरचं रजिस्टर तीनदा वाचलं. वीस वर्षांत त्याच्या ताब्यातली सुतळीसुद्धा हरवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "सुषमाताई, हे लोक आता काय म्हणतले? दत्तान रोल विकलो?"

सौरभ स्टोअरमध्येच लॅपटॉप मांडून बसला होता. त्याने दत्ताला धीर दिला, "काका, घाबरू नका. सिस्टम खोटं बोलत नाही. रोल याच खोलीत आहे."

तेवढ्यात शुभांगी सॅम्पल न्यायला आली. ती तेव्हा क्वालिटी बघायची, धारगळहून स्कूटरवर यायची, नजर घारीची. ती दारातच थांबली. "सौरभसर, जरा उठता?"

सौरभ उठला. स्टोअरमध्ये खुर्ची नव्हती म्हणून तो दोन दिवस ज्याच्यावर बसला होता, त्याच्या बुडाशी स्टिकर होतं. शुभांगीने स्कॅनर लावला. टीप!

"सिस्टम खोटं बोलत नाय, सर, खरं आसा," दत्ता म्हणाला. "पण तुमी त्या रोलार बसल्यात!"

आता यावर सगळे हसतात. तेव्हा दत्ता रॅकच्या मागे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पाणी घेऊन मी गेले, तर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

*

हा छोटा आहे, पण माझा आहे.

रजिस्टर बंद म्हणून विनायकबाबांनी हुकूम काढला होता. मला काही ते बंद करवेना. स्क्रीनवर प्लॅन लागला की गुपचूप तो रजिस्टरात उतरवायचा आणि रजिस्टर डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली. चोरी केल्यासारखं वाटायचं. कोणी पिशवीला हात लावला की मी ती ओढून मांडीवर घ्यायचे!

एक दिवस सकाळी अकराला सर्व्हर बसला. सहाही मशीन उभी. पुढे काय चढवायचं कोणालाच ठाऊक नाही, विनायकबाब फोनवर ओरडतायत. सौरभ माझ्या टेबलापाशी आला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं ते जुनं रजिस्टर... अजून लिहिता ना?"

मला वाटलं, झालं! पकडायलाच आलाय.

"कुठलं रजिस्टर?" मी म्हटलं.

तो बिचारा हात जोडून उभा राहिला तेव्हा कुठे मी डबा बाजूला केला!

*

चवथीला आमच्याकडे काय होतं, ते गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. फॅक्टरी कागदावर दीड दिवस बंद असते. प्रत्यक्षात पाच दिवस गेटवर कुत्रंसुद्धा नसतं. सगळे आपापल्या गावच्या घरी, गणपतीपुढे.

पण सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांची यादी भरलेली होती ती भलत्याच गावची. तिच्यात गणपतीला एकच सुट्टी! तेव्हा सिस्टमने काय करावं? चवथीच्या दुसऱ्या दिवशी तीन पाळ्यांचा प्लॅन लावला. एवढ्यावर थांबतं तर बरं. आमच्या पेडण्याच्या काजूवाल्या गिऱ्हाइकाला त्याने आपोआप मेसेजही धाडला, 'आपला माल परवा निघत आहे.'

मला हे कळलं कुठे? चवथीच्या आदल्या दिवशी, डिचोलीच्या बाजारात! गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं घेत होते. एका हातात तोरींजन, दुसऱ्या हातात सुपारीचा घोस, आणि विनायकबाबांचा फोन.

"सुषमा, परवा तीन पाळ्या तू लावल्यास?"

"मी नाही बाब, सिस्टमने."

"सिस्टमाच्या घरात गणपती पूजत नाय?"

आता त्या पेडण्याच्या शेटला कोण सांगणार? तो माणूस म्हणजे आग. एकदा पाकिटावरचे काजू जरा काळपट छापले गेले, तर अख्खा ट्रक परत पाठवला होता. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेलं तर दोन मशीन बंद, आणि दोन मशीन बंद म्हणजे कोणाकोणाची घरं, ते मी मनात मोजायलाच लागले. बाजाराच्या कोपऱ्यात उभी राहून मी फोन लावला. पाठ केल्यासारखं सगळं एका दमात बोलले. चूक झाली, माल निघणार नाही, चवथ आहे, माफ करा.

 पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

"अगो बाय, देव बरें करूं तुजें! तुमचो मेसेज येयल्यापासून मी जीव मुठीत धरून बसलां. म्हटलं, हे खरेंच ट्रक धाडटले, आणि हांगा माल उतरून घेवपाक एक माणूस नाय!"

*

आमच्या मालालाही आराम लागतो. दोन फिल्म गोंदाने चिकटवल्या की तो रोल गरम खोलीत दोन दिवस ठेवायचा. गोंद पुरता धरला नाही तर पाकीट सुटतं, आणि आतल्या खाण्याला वास लागतो. पूर्वी घाई असली की विनायकबाब बोट करायचे आणि रोल निघायचा. सिस्टममध्ये दोन दिवस भरल्याशिवाय रोल सुटत नाही.

एका दुपारी चिप्सवाल्याचा ट्रक गेटवर आला आणि रोल अजून गरम खोलीत. विनायकबाब म्हणाले, "सोड."

शुभांगी म्हणाली, "नाही सोडणार, बाब."

सगळ्यांसमोर! त्यांचा चेहरा लाल झाला. "घरी बसायचंय?" ती जागची हलली नाही. मी तिच्या शेजारी. मला वाटलं, आज ही जाते, आणि मी गप्प राहिले तर मला उद्या आरशात बघता येणार नाही. पण तोंड काही उघडलं नाही माझं.

"मालकाचं लॉगिन आहे ना? मीच सोडतो," म्हणत ते कॉम्प्युटरवर बसले. क्लिक केलं. स्क्रीनवर एक चौकोन आला, 'वेळेआधी माल सोडण्याचं कारण.' आणि त्याच्याखाली, 'जबाबदार व्यक्ती', पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'गिऱ्हाइकाला घाई.' वाचलं. पुसलं. 'ट्रक उभा आहे.' पुसलं. 'माझी मर्जी.' त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तेही पुसलं. आम्ही पाच जण मागे उभे. दहा मिनिटं गेली असतील.

मग खुर्ची मागे सरकली. "ड्रायव्हरला चहा पाजा. परवा ये म्हणावं." दाराशी जाऊन ते वळले आणि शुभांगीला म्हणाले, "इतक्या वर्षांत मला कारण कोणी विचारलंच नव्हतं गो!"

*

आता बाबल परबांचा.

बाबलमाम आमच्या छपाईच्या मशीनचे मुख्य ऑपरेटर. दोडामार्गकडचे. शाई मिसळावी तर त्यांनीच. कुठल्या पाकिटाला किती पिवळा, किती निळा, हे कागदावर कधीच नव्हतं, सगळं त्यांच्या डोक्यात. सिस्टमला मात्र प्रत्येक रंगाचं माप हवं होतं. सौरभ आठ महिने त्यांच्या मागे लागला. "सांगतंय, सांगतंय," म्हणायचे आणि चहाला जायचे. आम्ही समजून होतो. माप एकदा मशीनला दिलं की माणसाची गरज काय? दत्ताने तर सौरभला स्पष्टच सांगितलं, "तो मरेपर्यंत सांगचो नाय."

छपाई चालू झाली की त्यांची एक ठरलेली रीत. फिल्मची पट्टी फाडायची, दिव्याखाली नमुन्याच्या कार्डाला लावून धरायची, आणि समोर क्वालिटीची शुभांगी उभी असायची, तिला विचारायचं, "काय गो?" ती उत्तर देईपर्यंत थांबायचेसुद्धा नाहीत. वळून कधी शाईत थोडं ओतायचे, कधी अंगठा दाखवून मशीन सुरू! रंग दरवेळी बरोबर. सौरभ म्हणायचा, "या माणसाच्या डोळ्यांत यंत्र आहे."

मग शुभांगीचं लग्न ठरलं. मुलगा कुडाळचा. तिने महिन्याची नोटीस दिली, सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बाबलमाम माझ्या टेबलापाशी आले. "बस गो सुषमा. लिही. सगळां सांगतंय."

 तीन दुपारी ते बोलत होते आणि मी टाइप करत होते. साठाच्या वर रंग, थेंबा-थेंबाची मापं, एकही कागद हातात नाही. मी विचारलं, "माम, आठ महिने नाही म्हणालात, आणि आता?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता लिहून ठेवूक होया." एवढंच.

शुभांगीचा शेवटचा दिवस आला. सौरभने ठरवलं, आज स्क्रीनवरच्या मापाने शाई मिसळायची आणि छापून बघायचं. पेडण्याच्या काजूच्या पाकिटाचा हिरवा, आमच्याकडचा सगळ्यात अवघड रंग. विनायकबाबही येऊन उभे राहिले. मशीन फिरलं. सौरभने हातातलं रंग मोजायचं यंत्र फिल्मला लावलं आणि ओरडला, "बरोबर! एकदम बरोबर!"

बाबलमामांनी नेहमीसारखी पट्टी फाडली. दिव्याखाली कार्डाला लावून धरली. वर बघितलं. "काय गो?"

शुभांगी रडत होती. चार वर्षं जिथे उभी राहिली तिथून जायचं म्हणून, दुसरं काही नाही. पदर तोंडाला लावून हुंदके देत होती.

बाबलमाम ओरडले, "बंद कर! मशीन बंद कर!"

मशीन थांबलं. विनायकबाब धावत पुढे आले. "काय झालं, बाबल? यंत्र बरोबर सांगतंय. शेड बघ ना, काय वाईट आहे?"

"शेड माका खंय दिसता, बाब?" बाबलमाम म्हणाले. "चार वर्सां मी हिच्या तोंडाकडे बघून रंग लावतंय. आज ही रडता. आता माका कळतलां कसां?"