ग्रेनाडाची तयारी

वडीलधाऱ्या माणसाविषयी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करा.

वेलिंग्टनमधले आमचे शेजारी काका गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही ऑफिसातून येताना टेकडीच्या पायथ्याशीच बसमधून उतरत आणि उरलेला चढ चालत येत. त्यांना कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर जायचं होतं, झाडावरचं जायफळ बघत रानातून चालत धबधबा गाठायचा होता.

"जायफळ काय कोकणात नाही?" काकू विचारत.

"तिथे तुझे भाऊ आहेत. जेवायलाच बसवतील, फिरू देणार नाहीत."

एकदा जोराच्या वाऱ्यात त्यांचा तोल गेला. मी हात पुढे केला.

"नको रे, सवय लागेल," म्हणाले. कठड्याला धरून थोडं थांबले आणि पुन्हा चढू लागले. मला मात्र त्यांची काळजीच वाटत राहिली.

मग ते एकटेच गेले. बरेच दिवस काही कळलं नाही. काल काकू कुंपणापाशी आल्या.

"धबधब्यापर्यंत चालत गेले, डुंबून आले. आता गुडघा सुजलाय, म्हणून मिनीबसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जातात, शहाळं पितात आणि परत येतात. परतीचं तिकीट आठवडाभर पुढे ढकललंय."